विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन)

विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्विन (२६ जून १८२४ – १७ डिसेंबर १९०७) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते होते. निरपेक्ष तापमानाचे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते. थंड प्रदेशातील घरे उबदार ठेवणाऱ्या उष्णता पंपाची, म्हणजेच हीट पंपाची कल्पनाही त्यांनी मांडली. अटलांटिक तारेच्या कीर्तीपुढे ती झाकोळली गेली.

जीवन

थॉमसन यांचा जन्म बेलफास्ट येथे झाला. वडील गणिताचे अध्यापक होते. १८३२ मध्ये कुटुंब ग्लासगो येथे आले आणि वयाच्या दहाव्या वर्षी विल्यम तेथील विद्यापीठात दाखल झाले. केंब्रिजचे शिक्षण १८४५ मध्ये संपल्यावर ते पॅरिसला गेले. सादी कार्नो यांच्या उष्णता-यंत्रांविषयीच्या सिद्धांताचा परिचय त्यांना क्लापेरॉन यांच्या लेखातून झाला होता. मूळ ग्रंथ त्यांनी पॅरिसच्या दुकानांत शोधला, पण तो मिळाला नाही. १८४६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले व ५३ वर्षे त्या पदावर राहिले. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानश्रेणी मांडली.

उष्णता पंपाची कल्पना

उष्ण देशांतील खोल्या थंड करण्याची एक योजना खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी सुचवली होती. १८५२ मध्ये थॉमसन यांनी दाखवून दिले की, अशा यंत्राचा उपयोग इमारत तापवण्यासाठीही होतो. त्यांच्या आराखड्यात बाहेरची हवा सिलिंडरमध्ये प्रसरण पावून बाहेरच्यापेक्षाही थंड होते, धातूच्या टाकीतून जाताना भोवतालची उष्णता शोषते आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये दाबली जाऊन गरम होऊन खोलीत येते. उष्णता येथे निर्माण केली जात नाही, ती उपसली जाते. म्हणून खर्च झालेल्या कार्याच्या कितीतरी पट उष्णता घरात पोहोचते.

किती पट, हे त्यांच्याच तापमानश्रेणीवरून काढता येते. घरातील निरपेक्ष तापमानाला आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाने भागावे. घरात २० अंश सेल्सिअस व बाहेर शून्य असल्यास आदर्श यंत्र सुमारे १५ पट उष्णता देईल. बाहेर उणे २० असल्यास केवळ ७ पट. प्रत्यक्ष यंत्रे याहून बरीच कमी, सौम्य थंडीत साधारण तिप्पट ते चौपट उष्णता देतात आणि कडाक्याच्या थंडीत आणखी खाली येतात. शिवाय बाहेरच्या नळ्यांवर बर्फ साचतो व तो वितळवण्यात ऊर्जा जाते. जेव्हा गरज सर्वाधिक, तेव्हाच यंत्र दुबळे, ही खरी अडचण आहे. हवेऐवजी जमिनीतील किंवा नदीतील उष्णता घेणे, आणि तापत्या पाण्याच्या रेडिएटरऐवजी कोमट पाण्याच्या नळ्या फरशीखाली घालणे, या दोन्ही उपायांनी तापमानांतील फरकच कमी होतो.

ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता, त्यामुळे ही कल्पना घरोघरी पोहोचली नाही. झुरिकच्या नगरगृहात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला तो १९३८ मध्ये.

खानदेशाच्या संदर्भात

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथील घरांतले वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर फेकते. भिंतीबाहेरच्या पेटीतून येणारी गरम झळ ती हीच. केळी पिकवण्याच्या शीतकक्षांतही हेच तत्त्व आहे. उष्णतेचा प्रवाह उलटा केला की तेच यंत्र घर तापवते. धुळ्यात हिवाळ्याच्या एखाद्या पहाटे तापमान ६ अंशांपर्यंत उतरते. अशा वेळी २० अंशांच्या खोलीसाठी आदर्श गुणोत्तर सुमारे २१ येते. म्हणजे या यंत्राला ग्लासगोपेक्षा धुळ्याचा हिवाळा सोपा.

उत्तरायुष्य

१८६६ मध्ये अटलांटिक तार यशस्वी झाल्यावर त्यांना सर ही पदवी मिळाली. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले. केल्विन हे नाव ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे. पृथ्वीच्या थंड होण्यावरून त्यांनी काढलेले तिचे वय मात्र फारच कमी ठरले. लार्ग्ज येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.