वेदनेचा वैरी : सर जेम्स यंग सिम्प्सन

शस्त्रक्रियेसाठीं निघालेल्या रोग्यास आपण आज जो धीर देतों तो एका भरंवशावर देतों; तो भरंवसा म्हणजे भूल दिल्यावर त्याला कांहींच कळणार नाहीं हा. मनुष्यजातीस हा भरंवसा फार उशिरां लाभला. इ. स. १८४६ पूर्वीं एखाद्याचा पाय कापावयाचा झाल्यास चार धट्टेकट्टे पुरुष त्याला घट्ट धरून ठेवीत. अफूचा अर्क किंवा ब्रँडीचा पेला एवढेंच काय तें साहाय्य असे, आणि शस्त्रवैद्याचें कौशल्य त्याच्या हाताच्या वेगावरून मोजलें जाई. ही दुःस्थिति पालटण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांत सर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांचें नांव अग्रभागीं आहे.

स्कॉटलंडांत एडिंबरो शहराच्या पश्चिमेस बाथगेट नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील एका पाववाल्याच्या घरीं ७ जून १८११ रोजीं जेम्सचा जन्म झाला. सात भावांत तो धाकटा. घरची स्थिति बेताचीच होती. जेम्स नऊ वर्षांचा असतां त्याची आई वारली, आणि एकुलत्या एका बहिणीनें त्याला आईच्या मायेनें वाढविलें. गिऱ्हाइकांच्या घरीं पाव पोंचवावे, मग शाळा गांठावी, आणि फावल्या वेळीं दुकानाच्या कोंपऱ्यांत पुस्तक घेऊन बसावें, असा त्याचा क्रम असे. त्याची बुद्धि पाहून वडील व भाऊ ह्यांनीं ठरविलें कीं, आपण भट्टीपाशीं राबूं, पण धाकट्यास शिकवूं. घरच्या ह्या त्यागामुळें चवदाव्या वर्षीं, म्हणजे १८२५ सालीं, तो एडिंबरो विश्वविद्यालयांत दाखल झाला व पुढें वैद्यकाकडे वळला.

विद्यार्थिदशेंतच एक प्रसंग असा घडला कीं, त्यानें त्याच्या आयुष्यास दिशा दिली. रॉबर्ट लिस्टन हे त्या काळचे नामांकित शस्त्रवैद्य. ते एका गरीब डोंगराळ भागांतील स्त्रीच्या स्तनावर शस्त्रक्रिया करीत असतां जेम्स तेथें उपस्थित होता. त्या माउलीचे हाल त्याला पाहवेनात. तो तडक बाहेर पडला आणि वैद्यकी सोडून कोठें कारकुनी मिळते काय, ह्याची चौकशी करूं लागला, असें त्याचे चरित्रकार सांगतात. परंतु लवकरच त्याच्या मनानें उलट घेतली. आपण पळून गेल्यानें वेदना थांबणार नाहीं. ती थांबविण्याचा उपाय शोधणें हेंच आपलें काम, असा निश्चय करून तो परत आला.

१८३० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें शस्त्रवैद्याची परीक्षा दिली व १८३२ सालीं एम. डी. ची पदवी मिळविली. १८४० सालीं प्रसूतिशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. उमेदवार सिम्प्सन अवघे अठ्ठावीस वर्षांचे, ना कुळाचें पाठबळ ना पैशाचें. तरीहि केवळ एका मताच्या आधिक्यानें ती जागा त्यांनीं मिळविली. थोड्याच वर्षांत त्यांच्या दारीं सरदारांच्या गाड्या व अनवाणी गरीब बायका एकाच वेळीं तिष्ठत असलेल्या दिसूं लागल्या.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्यास बेशुद्ध करून दाखविलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत लंडन येथें ईथर देऊन शस्त्रक्रिया करणारे गृहस्थ दुसरे कोणी नसून तेच लिस्टन होते. सिम्प्सन ह्यांनीं १९ जानेवारी १८४७ रोजीं प्रसूतीच्या वेळीं ईथरचा उपयोग केला. पण ईथरचा वास उग्र, त्यानें खोकल्याची उबळ येई, तें फार लागे व चटकन् पेट घेई. ह्याहून बरें औषध शोधावयाचें म्हणून ते आपले सहकारी डॉ. कीथ व डॉ. मॅथ्यूज डंकन ह्यांच्यासह रोज रात्रीं जेवणाच्या टेबलाशीं बसून नाना प्रकारचीं द्रव्यें स्वतः हुंगूं लागले. डेव्हिड वॉल्डी नांवाच्या रसायनतज्ज्ञानें त्यांना क्लोरोफॉर्म सुचविलें. हें द्रव्य १८३१ च्या सुमारास तीन देशांतील शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें होतें. मनुष्यास भूल देण्यासाठीं त्याचा वापर मात्र रूढ झाला नव्हता.

४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्रीं तिघांनीं पेल्यांत क्लोरोफॉर्म ओतून तें हुंगलें. प्रथम सर्वांस विलक्षण उल्हास वाटला, बोलण्यास पूर आला. आणि क्षणार्धांत तिघेहि टेबलाखालीं आडवे झाले. शुद्धीवर येतांच सिम्प्सन ह्यांनीं ओळखलें कीं, हवें होतें तें सांपडलें. चारच दिवसांनीं त्यांनीं तें एका बाळंतिणीस दिलें. तिच्या आधींच्या खेपेस तिला तीन दिवस वेणा सोसाव्या लागल्या होत्या. ह्या खेपेस तिला गाढ झोंप लागली, आणि जागी झाल्यावर हें आपलेंच मूल असें तिला पटवून द्यावें लागलें.

ह्यानंतर विरोध उसळला. ईश्वरानें स्त्रीस दिलेलें दुःख हलकें करणें हा अधर्म होय, असा आक्षेप कांहींनीं घेतला. सिम्प्सन हे स्वतः बायबलाचे अभ्यासू. त्यांनीं १८४७ च्या डिसेंबरांतच एक पुस्तिका लिहून दाखविलें कीं, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांतील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ कष्ट असा होतो. आणि त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं त्याला गाढ निद्रा आणली आहे. मग दयाळू पित्याच्या लेकरांनीं त्याच रीतीनें दया करण्यांत पाप तें कोठलें? अलीकडील इतिहाससंशोधकांस मात्र असें आढळलें आहे कीं, धर्मोपदेशकांचा विरोध समजतात तेवढा मोठा नव्हता. खरा विरोध वैद्यांचाच अधिक होता. ७ एप्रिल १८५३ रोजीं राणी व्हिक्टोरिया ह्यांनीं राजपुत्र लिओपोल्ड ह्यांच्या जन्माच्या वेळीं डॉ. जॉन स्नो ह्यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतलें, तेव्हां हा वाद बहुतेक मिटला.

तथापि वैद्यांची शंका अगदींच निराधार नव्हती. २८ जानेवारी १८४८ रोजीं न्यूकॅसलजवळ पायाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी दोन-तीन मिनिटांत मरण पावली. त्याच महिन्यांत अमेरिकेंतील होरेस वेल्स हा दंतवैद्य क्लोरोफॉर्मच्या आहारीं जाऊन त्याची मति भ्रमिष्ट झाली व त्याचा तुरुंगांत करुण अंत झाला. वेदना हरण करणारें औषध मनहि हरण करूं शकतें, हें त्यावरून जगास दिसलें. त्या मुलीचा मृत्यु औषधानें नव्हे, तर तिला शुद्धीवर आणण्यासाठीं पाजलेल्या पाण्यानें व ब्रँडीनें झाला, असें सिम्प्सन ह्यांनीं प्रतिपादिलें. आपल्या शोधावरील प्रीतीनें त्यांची दृष्टि येथें झांकोळली, असें म्हणणें भाग आहे. ते रुमालावर अंदाजानें औषध ओतीत. उलट स्नो हे वाफेचें प्रमाण मोजून देत. ह्या बाबतींत काळानें स्नो ह्यांचाच पक्ष खरा ठरविला.

क्लोरोफॉर्मचें कार्य मज्जासंस्थेवर होतें. प्रथम मेंदूची जाणीव जाते, मग वेदनेची संवेदना, मग अंगाची हालचाल; मात्रा आणखी वाढली कीं श्वासोच्छ्वास चालविणारें मज्जाकेंद्रहि मंद पडतें. निद्रा व मृत्यु ह्यांमध्यें एवढेंच अंतर. ह्या प्रश्नाचा शोध आमच्या भागाजवळहि झाला. मराठवाडा ज्या राज्यांत मोडत असे, त्या हैदराबाद संस्थानांत निजामांच्या आश्रयानें व डॉ. एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं दोन समित्या नेमल्या गेल्या. त्यांनीं श्वासाकडे लक्ष ठेवावें, हृदयाची भीति नाहीं, असा निर्णय दिला. परंतु १९११ सालीं लेव्ही ह्यांनीं सिद्ध केलें कीं, हलक्या गुंगींतहि क्लोरोफॉर्म हृदयाची गति एकाएकीं बिघडवूं शकतें. त्यानें यकृतासहि इजा होते. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अधिक निर्धोक औषधें आलीं व क्लोरोफॉर्म मागें पडलें. तरी नाडी, श्वास, चेहऱ्याचा रंग व औषधाची मात्रा ह्यांवर नजर ठेवण्याचा जो धडा त्यानें शिकविला, तो आजहि प्रत्येक परिचारिका प्रथम गिरविते.

सिम्प्सन ह्यांचें कार्य एवढ्यावरच थांबलें नाहीं. मोठ्या रुग्णालयांत रोगी अधिक कां दगावतात, ह्याचा त्यांनीं आंकड्यांनिशीं शोध घेतला. रुग्णालयांतील अवयव कापलेल्या २,०८९ रोग्यांपैकीं ८५५ वारले होते. खेड्यापाड्यांत घरींच शस्त्रक्रिया झालेल्या २,०९८ पैकीं अवघे २२६. असें असूनहि लिस्टर ह्यांची जंतुनाशक पद्धति त्यांना पटली नाहीं; उलट तिच्याशीं त्यांनीं कडाक्याचें भांडण केलें. वॉल्डी ह्यांच्या ऋणाचाहि त्यांनीं अल्पसाच उल्लेख केला. तेच वॉल्डी पुढें कलकत्त्यास येऊन रसायनांचा कारखाना काढून राहिले व तेथेंच १८८९ सालीं निवर्तले. थोरांच्या चरित्रांतील अशा उणिवा लपवूं नयेत. त्यांच्या गुणांस त्यानें बाध येत नाहीं.

१८६६ सालीं सिम्प्सन ह्यांस सर ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. ६ मे १८७० रोजीं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं ते परलोकवासी झाले. वेस्टमिन्स्टर ॲबींत थोर पुरुषांच्या शेजारीं त्यांना जागा देऊं केली होती. पण कुटुंबीयांनीं तो मान नाकारून एडिंबरोच्या वॉरिस्टन स्मशानभूमींत, त्यांच्या आधीं गेलेल्या लेकरांच्या शेजारींच त्यांना विसावा दिला. अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले. त्यांत पेठांतल्या श्रीमंतांइतकेच गल्लींतले गरीबहि होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी औषधें देणारा. परक्याची वेदना पाहून डोळे भरून येणें ही दयेची पहिली पायरी. जेम्सनें ती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर पळतांना चढली. परत फिरून तीच वेदना दूर करण्यासाठीं झटणें ही दुसरी. आणि आपल्या हातचें औषध कितीहि आवडतें असलें तरी त्याच्या धोक्याकडे डोळेझांक न करणें ही तिसरी. ती मात्र त्या थोर पुरुषासहि पुरती साधली नाहीं. ती साधण्याचें काम त्यानें आपणांसाठीं ठेविलें आहे.