खडी-डांबराचे प्रमाण कोण ठरवते? मागे आहेत बॅरिस्टर जयकर

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १८७३ चा, पेशा वकिलीचा. मोटारी वाढल्या, रस्ते टिकेनात, तेव्हा १९२७ मध्ये रस्ते विकास समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांना पेलणारा नाही, असे समितीने मांडले. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरील करातून रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

खडी-डांबराच्या मिश्रणाचे निकष आज हीच संस्था देते. डांबर कमी पडले तर खडी उखडते, जास्त झाले तर उन्हात रस्ता दबून चाकोऱ्या पडतात. भेगांतून पाणी झिरपले की लातूर-नांदेडची काळी माती फुगते आणि रस्ता खचतो.