ढिगातली ऊब ओळखणारा शास्त्रज्ञ : सर अल्बर्ट हॉवर्ड

भिवपुरी-कर्जत भागात पावसाच्या तोंडावर भाताच्या रोपासाठी राब भाजले जातात. शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर बघता बघता जळतात आणि राख उरते. हाच पालापाचोळा शेणासोबत थर देऊन रचला, तर तोही एका अर्थाने जळतो. फक्त ज्वाला दिसत नाही आणि काम तीन महिने चालते. ढिगात हात घातल्यावर चटका बसतो, तो याच जळण्याचा. या मंद जळण्याला शिस्त लावून त्यातून उत्तम खत काढण्याची रीत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर आपला खताचा ढीग का तापतो आणि का थंड पडतो, हेही समजते.

शेतकऱ्याच्या घरातला शास्त्रज्ञ

हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिक्षण झाल्यावर त्यांनी वेस्ट इंडीज बेटांवर पिकांच्या बुरशीजन्य रोगांचे काम केले. प्रयोगशाळेत रोग अभ्यासायचा आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण स्वतः पीक घेऊन तो सल्ला तपासायचा नाही, ही पद्धत त्यांना तेव्हापासूनच खटकत होती.

1905 मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः नावाजलेल्या संशोधक होत्या. पानातील अन्न तयार होण्याच्या क्रियेवर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी केंब्रिजला काम केले होते. या दांपत्याने पुसा येथे गव्हाचे सुधारित वाण तयार केले आणि ते उत्तर भारतात पसरले. इथल्या शेतकऱ्याकडून आपण शिकलो, असे हॉवर्ड पुढे आवर्जून मांडत राहिले.

इंदूरची वर्षे

1924 मध्ये होळकरांच्या इंदूर संस्थानात नवी संशोधन संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. मूळ काम कापसाचे होते. पण चांगले वाण दिले तरी जमिनीत जीव नसेल तर उपयोग नाही, हे त्यांना दिसत होते. शेण गोवऱ्यांत जात होते आणि पऱ्हाट्या, तुरकाट्या, तण वाया जात होते. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षे असा कचरा कुजवून जमिनीला परत देतात, हे त्यांनी वाचले होते. त्याला त्यांनी शास्त्राची जोड दिली.

रसायनशास्त्राच्या बाजूचे त्यांचे मुख्य सहायक यशवंत वाड हे होते. दोघांनी मिळून ढिगाचे तापमान, ओल आणि नत्र यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1931 मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. हीच ती ‘इंदूर पद्धत’.

ढीग का तापतो?

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन अन्न बनवते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ते सूर्यप्रकाशातून शोषते. ऊर्जा शोषणाऱ्या अशा अभिक्रियेला ऊर्जाग्राही म्हणतात. पेंढ्यात, पानात, काडीत ही ऊर्जा साठून राहते.

पेंढ्यातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उलटा प्रवास होतो आणि साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्मादायी अभिक्रिया. 1 किलो कोरडा भाताचा पेंढा पूर्ण जळाला, तर साधारण 3,500 किलोकॅलरी उष्णता निघते. काहीच वाया गेली नाही, तर एवढ्या उष्णतेत 40 लिटर पाणी उकळीपर्यंत येईल.

मग ढिगातला पेंढा आपोआप पेट का घेत नाही? कारण ही अभिक्रिया सुरू व्हायला आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते. राबाला आपण काडी लावतो. ढिगात बुरशी आणि जिवाणू आपल्या विकरांच्या मदतीने हेच काम साध्या तापमानाला आणि सावकाश करतात.

भिवपुरीकरांना याचे उदाहरण दाराशीच आहे. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी 1922 पासून मोठ्या नळांतून खाली येऊन इथल्या वीजगृहातील चक्रे फिरवते. तेच पाणी कड्यावरून एकदम सोडले, तर तेवढ्याच उंचीवरून पडेल, पण हाती काही लागणार नाही. पेंढ्यातल्या ऊर्जेचेही तसेच आहे. राबात ती थोड्या वेळात निघून जाते. तण आणि किडी मरतात, पालाश राखेत राहते, पण जवळपास सगळा कार्बन आणि नत्र हवेत जातो. ढिगात हीच ऊर्जा जिवाणूंना पोसते आणि कार्बनचा काही भाग ह्यूमस होऊन जमिनीसाठी शिल्लक राहतो.

तापमान काय सांगते?

इंदूरच्या नोंदींत सुरुवातीला ढिगाचे तापमान सुमारे 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढले आणि हळूहळू उतरत 90 दिवसांनी 33 अंशांवर आले. वरची उष्णता तणांचे बी आणि रोगजंतू मारते. शेवटचा थंडावा खत तयार झाल्याची खूण असते. ढीग वेळेआधीच थंड पडला, तर अभिक्रियेला काहीतरी कमी पडते आहे असे समजावे. हॉवर्ड यांच्या रीतीत याची उत्तरे आहेत :

- हवा : ऑक्सिजन संपला की जळणे थांबते. म्हणून ढीग तुडवू नये, पहारीने भोके ठेवावीत आणि साधारण 15 दिवसांनी, एका महिन्याने व दोन महिन्यांनी असा तीनदा पालटावा.
- ओल : मूठभर माल दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.
- कार्बन व नत्र : मिश्रणात 1 भाग नत्राला सुमारे 33 भाग कार्बन असावा, असे हॉवर्ड यांनी ठरवले. नुसत्या पेंढ्यात कार्बन फार जास्त असतो. त्यात शेणकाला, गोमूत्र शोषलेली माती, गिरीपुष्पाचा पाला मिसळावा. आंबटपणा कमी करायला थोडी राख घालावी.
- बारीक माल : टणक पऱ्हाट्या-तुरकाट्या हॉवर्ड शेतरस्त्यावर पसरत आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत.

घरी तपासायला लोखंडी सळई पुरेशी आहे. ती ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून 10 मिनिटांनी काढावी. सळई हातात धरवत नसेल, तर काम ठीक चालले आहे. कोमट लागली, तर ढीग पालटून ओल तपासावी. पालटूनही पुन्हा तापला नाही आणि मातीसारखा वास येऊ लागला, तर खत तयार आहे.

आपल्या पावसात

इंदूरला कोरड्या दिवसांत उथळ खड्डे वापरत आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग लावत. कर्जत-खालापूरच्या पावसात खड्डा भरून जातो, हवा कोंडते, माल सडून दुर्गंधी येते आणि नत्र वाया जाते. वर्षाचे खत असे एका पावसाळ्यात हातचे जाते. म्हणून ढीग उंचवट्यावर घ्यावा, भोवती चर काढावा आणि वर पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे छप्पर ठेवावे. ढिगातली ऊब पाणी गरम करण्यात संपली, तर जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. ओलसर पेंढ्याची उडवी मात्र कधीही रचू नये. तिथे हीच ऊब आत कोंडून वाढत जाते आणि आगीचा धोका निर्माण होतो.

अखेरची वर्षे

1930 मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड भारत सोडून गेले. 1934 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1935 मध्ये गांधीजींनी इंदूरच्या संस्थेत जाऊन ही खतपद्धत पाहिली. 1940 मध्ये हॉवर्ड यांचा शेतीवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. केवळ रासायनिक खतांवर विसंबण्यावर त्यांनी केलेली टीका अनेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती आणि हा वाद ते शेवटपर्यंत लढले. 20 ऑक्टोबर 1947 रोजी त्यांचे निधन झाले.

यंदा राब भाजण्यापूर्वी जमवलेल्या पातेऱ्यातला थोडा बाजूला काढा आणि त्याचा एक छोटा ढीग लावून पाहा. आठवड्याभराने सळई घालून बघितलीत, की तो पेटला आहे का, हे तुमच्या हातालाच कळेल.