ग्रामराज्याचे गायक

विदर्भाच्या पूर्व भागात, वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या आश्रयाने दाट अरण्याचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. साग, मोह, तेंदू व बांबू यांनी भरलेल्या या प्रदेशास पूर्वी चांदा जिल्हा म्हणत. इ. स. १९८२ मध्ये त्याचे विभाजन होऊन चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. इंग्रजी अमलात येथील पुष्कळशा गावांचा सारा मालगुजारामार्फत सरकारात जमा होई. शेतकरी पैसे भरी, परंतु त्या पैशांचे पुढे काय होते हे त्याला कोणी सांगत नसे आणि विचारण्याचा अधिकारही त्याला नव्हता. आपले गाव ही आपली जबाबदारी आहे आणि गावाचा कारभार आपणच केला पाहिजे, ही जाणीव अशा खेड्यापाड्यांतून ज्यांनी जागी केली, त्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव अग्रभागी आहे.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिंपीकाम करीत; आईचे नाव मंजुळाबाई. घरची स्थिती अत्यंत गरिबीची असल्यामुळे माणिकचे शालेय शिक्षण मराठी तिसरीच्या पुढे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. त्यांनीच या मुलाला तुकड्या हे नाव दिले. पुढे महाराष्ट्राने हेच नाव आदराने तुकडोजी असे उच्चारले.

लहान वयातच माणिकने घर सोडले. रामटेक, सालबर्डी व चिमूर परिसरातील रामदिघी आणि गोंदेडा येथील अरण्यांत तो हिंडला. गोंदेड्याच्या गुंफेत त्याने तप केले. या भ्रमंतीत त्याला देव किती भेटला हे कोणी सांगू शकणार नाही; पण माणसे मात्र पुष्कळ भेटली. रानात मोहफुले वेचणारे, तेंदूची पाने खुडणारे, बांबू तोडणारे व धानाच्या बांधीत राबणारे हे लोक कष्टाळू होते, तरी त्यांच्या गावांत शाळा नव्हती, शुद्ध पाणी नव्हते आणि साथीचा रोग आला म्हणजे औषधही नव्हते. वनातून परतलेल्या तरुणाने हातात खंजिरी घेतली, ती या लोकांसाठीच.

महाराजांची भजने सोप्या मराठीत व हिंदीत असत. खंजिरीचा ठेका सुरू झाला की दूरदूरच्या खेड्यांतून माणसे बैलगाड्या जुंपून येत. भजन देवाचे असे; परंतु त्यातून स्वच्छता, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण व एकी यांचाही उपदेश होई. इ. स. १९३५ मध्ये त्यांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या सहवासात राहण्याचा योग त्यांना आला. देशाचे स्वातंत्र्य व खेड्याचा उद्धार ही दोन कामे वेगळी नाहीत, हा विचार त्यांच्या मनात अधिक दृढ झाला.

इ. स. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात देशभर स्वातंत्र्याचा वणवा पेटला. महाराजांच्या भजनांनी चेतलेल्या गावांत चांदा जिल्ह्यातील चिमूर हे एक होते. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे लोकांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. संतप्त जमावाच्या हातून काही अधिकारीही मारले गेले. त्यानंतर सरकारी फौज गावात शिरली आणि तिने निरपराध स्त्रीपुरुषांवर घोर अत्याचार केले. एवढ्याने सरकारचे समाधान झाले नाही. त्याने संपूर्ण गावावर सामुदायिक दंड बसविला. कोणी अपराध केला व कोणी नाही, याची चौकशी न करता घरोघरी पैसा मागण्यात आला. महाराजांनाही अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत काही महिने काढल्यावर डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली.

चिमूरचा दंड हा जुलमाने घेतलेला पैसा होता. तो कोणी ठरविला, किती ठरविला आणि कोठे खर्च केला, यांपैकी एकाही गोष्टीत गावाचा शब्द नव्हता. पारतंत्र्य म्हणजे काय, हे चिमूरच्या लोकांना कोणत्याही पुस्तकावाचून कळले. मग स्वातंत्र्य मिळाल्यावर गावाने काय करावे? परका राज्यकर्ता जाऊन त्याच्या जागी आपला राज्यकर्ता आला, एवढ्याने खेडे सुखी होईल काय? तुकडोजी महाराजांनी आपले पुढील सर्व आयुष्य या प्रश्नाला वाहिले.

गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. पहाटे ग्रामसफाई, दिवसा आपापला उद्योग आणि सायंकाळी सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. रस्ता खराब झाला तर अर्ज करून वाट पाहत बसण्याऐवजी मंडळाचे लोक कुदळ व घमेले घेऊन बाहेर पडत. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत. पण गावाच्या कामात वाटा नाही असा एकही माणूस असू नये, अशी महाराजांची शिकवण होती.

इ. स. १९५५ मध्ये महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ओवी छंदातील या ग्रंथाचे ४१ अध्याय आहेत आणि तो ग्रामरूपी देवाला अर्पण केलेला आहे. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामशिक्षण अशा विषयांवर त्यांनी त्यात सविस्तर लिहिले. मत देताना जात, नाते व पैसा पाहू नये. योग्य माणूस निवडावा, नाहीतर अयोग्य माणसाच्या हाती गेलेल्या कारभाराचे फळ सर्वांना भोगावे लागते, हेही त्यांनी बजावले. त्याच वर्षी ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. तथापि परदेशच्या सन्मानापेक्षा खेड्यातील पाराखालची सभा त्यांना अधिक प्रिय होती.

महाराज ज्या गोष्टी लोकांना प्रेमाने सांगत होते, त्यांपैकी पुष्कळांना लवकरच कायद्याचे बळ मिळाले. इ. स. १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला. लोकांनी निवडलेल्या पंचायतीकडे रस्ते, पाणी, दिवाबत्ती व आरोग्य ही कामे आली आणि त्यांसाठी कर बसविण्याचा अधिकारही आला. यांतील मुख्य कर म्हणजे घरपट्टी. गावातील प्रत्येक घराची नोंद पंचायतीच्या वहीत केली जाते. घर केवढे आहे, कुडामातीचे आहे की पक्के, त्याचा उपयोग राहण्यासाठी होतो की धंद्यासाठी, हे पाहून कर आकारतात. त्यामुळे झोपडीला व माडीला सारखा भार पडत नाही. मागणी केल्यानंतर ठरलेल्या मुदतीत जो सदस्य स्वतःचाच कर भरीत नाही, त्याला पंचायतीत राहता येत नाही.

१ एप्रिल ते ३१ मार्च हे पंचायतीचे आर्थिक वर्ष असते. ते सुरू होण्यापूर्वी पंचायत आपला अर्थसंकल्प तयार करते. एका बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर व सरकारी अनुदान अशी जमा मांडतात. दुसऱ्या बाजूला विहिरींची दुरुस्ती, नाल्या, दिवे, नोकरांचे पगार असा खर्च मांडतात. स्त्रिया व बालके यांच्या कल्याणासाठी आणि मागासवर्गीयांसाठी त्यात ठरावीक वाटा राखून ठेवावा लागतो. पुढे ग्रामसभेत कोणीही मतदार उभा राहून हिशेब विचारू शकतो. चिमूरच्या दंडात व गावाच्या घरपट्टीत जो भेद आहे तो येथेच आहे. दोन्ही वेळी पैसा घरातूनच जातो; परंतु दंडाचा हिशेब विचारणाऱ्याला तुरुंग मिळत असे, तर घरपट्टीचा हिशेब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरले आहे. मात्र जो कर चुकवितो किंवा सभेला कधीच जात नाही, तो हा मोलाने मिळालेला अधिकार आपल्या हाताने गमावतो.

अखेरच्या वर्षांत कर्करोगाने महाराजांचे शरीर खंगले. तरी शक्य होते तोवर त्यांनी भजन व सेवा सोडली नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीस तेथे हजारो लोक जमतात व एकाच वेळी स्तब्ध उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. इ. स. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याला तिसरीच्या पुढे शिकता आले नाही, त्याचे नाव विद्यापीठाने धारण करावे, हा त्यांच्या लोकशिक्षणाचा गौरवच होय.

चांद्याच्या जुन्या अरण्यात त्यांच्यानंतरही ग्रामराज्याचे काम चालू राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे एक लहानसे गोंड गाव आहे. तेथील लोक गावाचे निर्णय सभेत सर्वसंमतीने घेतात. इ. स. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाले आणि दोन वर्षांनी ग्रामसभेने स्वतः बांबू विकून त्याचे उत्पन्न गावाच्या नावे जमा केले. हे यश तेथील ग्रामस्थांच्या दीर्घ प्रयत्नांचे आहे. परंतु गाव लहान असले तरी त्याची सभा लहान नसते आणि गावाचा पैसा गावाच्या डोळ्यांसमोर असावा, ही गोष्ट तुकडोजी महाराजांनीही खंजिरीच्या तालावर खेडोपाडी सांगितली होती.

आजही चंद्रपूर व गडचिरोलीच्या अनेक गावांत सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेचे सूर ऐकू येतात. प्रार्थना संपल्यावर लोक तेथेच बसून गावातील पाण्याविषयी, शाळेविषयी व रस्त्याविषयी बोलू लागले, तर महाराजांना अभिप्रेत असलेली ग्रामदेवतेची पूजा तेथेच सुरू झाली, असे समजावे.