टेस्ट खेळले फक्त 7, पण नागपूरच्या सी. के. नायडूंनी होळकरांची टीम घडवली

वर्धा रोडवर जामठ्याला आज इंटरनॅशनल मॅच होतात. पण या स्टेडियमचा पत्ताही नव्हता तेव्हा नागपूरने देशाला पहिला टेस्ट कॅप्टन दिला होता.

31 ऑक्टोबर 1895 ला जन्मलेले नायडू तेलुगू घरातले, वाढले नागपुरात. 1923 मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं, फौजेत हुद्दा दिला. 1926 ला एमसीसीविरुद्ध त्यांनी 153 ठोकल्या, त्यात 11 सिक्स. 1932 ला लॉर्ड्सवर कॅप्टन झाले. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र कॅप्टनपद विझियानगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. खेळापेक्षा पैसा आणि वशिला जड ठरला, दुसरं काय! त्या दौऱ्यानंतर नायडू पुन्हा टेस्ट खेळले नाहीत.

इथे एखादा घरी बसला असता. नायडूंनी होळकर टीम हातात घेतली. कागदावर कॅप्टन, काम मात्र कोचचं. मुश्ताक अली, चंदू सरवटे, नागपूरचाच हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर असे गडी त्यांच्या कडक शिस्तीत खेळले. 1944-45 पासूनच्या 9 सीझनमध्ये 8 वेळा रणजी फायनल, 4 वेळा ट्रॉफी. शेवटची जिंकली तेव्हा वय होतं 57. मुंबईविरुद्ध दत्तू फडकरांचा बॉल तोंडावर बसून दात पडले, तरी गडी क्रीझ सोडून गेला नाही. पोरांना यापेक्षा वेगळं काय शिकवायचं?

1963 मध्ये 68 व्या वर्षी ते शेवटची फर्स्ट क्लास मॅच खेळले, तीही नागपुरात. 14 नोव्हेंबर 1967 ला इंदूरला त्यांचं निधन झालं.