रमाबाई रानडे यांचा मोठा संसार

भगिनींनो, न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी, एवढीच रमाबाईंची ओळख पुष्कळदा सांगतात. मला त्यांच्या चाळिशीपुढच्या आयुष्याचे अधिक वाटते. मी स्वतः त्याच वयाची आहे, म्हणूनही असेल.

त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. माहेरचे नाव कुर्लेकर. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. माधवराव एकतीस वर्षांचे. त्यांनी स्वतः बायकोला शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. भरल्या घरात सून इंग्रजी वाचते, हे वडीलधाऱ्या बायकांना कसे रुचावे? टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि हातचे पुस्तकही खाली ठेवले नाही. पहिली गोष्ट आपल्यातल्या पुष्कळजणींना जमते. दुसरी कठीण.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई चाळिशीला टेकलेल्या, पोटी मूल नाही. वर्षभर त्या कोणात मिसळल्या नाहीत. पुढेही तशाच देवघरात बसून राहिल्या असत्या, तर त्या काळी कोणी नावे ठेवली नसती. उलट वाखाणणीच झाली असती. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना जाऊन भेटू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेही त्यांच्या राहत्या वाड्यात. विधवा आणि टाकलेल्या बायका तिथे लिहायला, शिवायला शिकत. काहींना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला धाडले. आज नर्सबाई म्हटले की आपण मान देतो. तेव्हा चांगल्या घरातल्या बाईने परक्याची शुश्रूषा करायची, म्हणजे लोकांच्या तोंडाला ऊत येई. ते सगळे बोलणे रमाबाईंनी स्वतःवर घेतले. शिकलेल्या बायका मात्र आपल्या पायांवर उभ्या राहिल्या, कोणाच्या दारी भाकरीसाठी बसल्या नाहीत. यापरते दुसरे फळ त्यांनी मागितलेले दिसत नाही.

पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, म्हणून साठीत येऊनही त्या झटल्या. १९२४ साली त्या निवर्तल्या. १९६२ साली जन्मशताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

१९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिले. मिळाले तर जरूर वाचा. भाषा अगदी घरगुती आहे; दुपारी भांडी आवरून चटईवर टेकल्यावरही समजते.