मिशीवाली आई : गिजुभाई बधेका



आपल्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, देवरीकडच्या कुठल्याही अंगणवाडीत डोकावून बघा. सेविका ताई दिसतील, मदतनीस ताई दिसतील. पुरुष दिसणार नाही, कारण ही दोन्ही पदं महिलांसाठीच आहेत. तीन-चार वर्षांची पोरं सांभाळणं म्हणजे बाईचंच काम, हे आपण धरूनच चालतो ना? म्हणून आज गिजुभाईंची गोष्ट.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ चा, सौराष्ट्रातल्या चितळ गावचा. पोटापाण्यासाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. परत आल्यावर मुंबईत कायदा शिकले आणि वकिली करू लागले. १९१३ मध्ये मुलगा झाला. याला वाढवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी घरातल्या बायकांवर सोडून दिला नाही. स्वतः वाचायला बसले आणि त्यातच माँटेसरीबाईंचे विचार त्यांच्या हाती लागले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. चालती वकिली सोडून! आजही असं कोणी केलं तर सासरचे काय म्हणतील, विचार करा.

आधी ते मोठ्या मुलांना शिकवायचे. पण घडी घालायची तर पायापासून, हे त्यांना पटलं आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू झालं. तिथे छडी नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, नाटकं, मातीकाम, बागेत फिरणं. नखं, केस, हातपाय स्वच्छ ठेवणं हासुद्धा तिथे शिक्षणाचाच भाग. भरघोस मिशांचा हा माणूस पोरांत इतका रमला की लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. टोपणनाव प्रेमाचंच आहे. पण बघा, एवढं केल्यावरही माणसाला 'आई'च व्हावं लागलं, 'बाप' म्हणून ते काम कोणाला दिसलं नाही!

पालकहो, तुमच्या लेकराचं नाक एखाद्या सरांनी पुसलं, तर तुम्हाला बरं वाटेल की अवघडल्यासारखं होईल? खरं उत्तर द्या. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांत पहिलीच्या पोरांचं हेच काम कितीतरी गुरुजी रोज करतात.

त्यांचं 'दिवास्वप्न' मराठीतही आहे, नक्की वाचा. भावनगरला त्यांच्यासोबत आपल्या ताराबाई मोडक होत्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. २३ जून १९३९ ला गिजुभाई गेले. ताराबाईंनी ते काम १९४५ मध्ये बोर्डीला, गरिबांच्या अंगणापर्यंत नेलं. अंगणवाडी हा शब्द तिथलाच.